उद्यमबाग, सातचा वर्ग

शिफ्ट सुटली की लेथवरचा मष्णू हलगेकर
काळ्या नखांनी चिनी वही उघडतो.

निंगबोहून परतलेल्या कंग्राळकर बाई
आवाज खाली नेऊन वर आणतात : माई. विकत घे.
मग वरून सोडतात : माई. विकून टाक.
मागून बसू हुक्केरी,
"आमच्या मालकाला दोन्ही एकच की."

फळ्यावर चौकोन. आत एक बांध आडवा, एक उभा.
"शेत," मष्णू न सांगता ओळखतो.
"होल," बसू त्याच्या भाषेत.
दोघांचंही बरोबर.

बाई त्याच शेताच्या खाली
एक छप्पर घालतात, दोन पाय काढतात.
"आता झाली सीमा."

मष्णू उतरवून घेतो,
पाय जरा लांबच.
बाई वाकून बघतात :
"चौकटीबाहेर चाललेत, हलगेकर."
"चालू देत की."