मिठाची गाडी

पहाटेचे चार वाजून दहा. मेरीहिल रोडवरून
कौन्सिलची गाडी मीठ फेकत जाते,
तिचा पिवळा दिवा आमच्या छतावरून एकदा फिरतो.
मी घड्याळ लावलंय. एक मिनिट चाळीस.

आधी शाल्मलीचा डावा हात,
मग तोंडाचा कोपरा, मग सगळीच ती.
पाचव्या मिनिटाला औषध गालात सोडायचं,
त्याआधी नाही.
तोवर कुशीवर धरायचं आणि मोजायचं.

मोरॅगने पेनाने काढून दाखवलं होतं:
पेशीच्या भिंतीत एक दार,
विजेची चाहूल लागली की उघडतं,
सोडियम आत घेतं, आणि पापणी लवायच्या आत मिटतं.
म्हणजे मीठच की, मी म्हणाले.
जवळजवळ, ती म्हणाली. हसली नाही.

हजारो अक्षरांत एक चुकलंय.
'दार' लिहिताना काना राहून जावा, इतकंच.
आणि बिघडल्या त्या भडकणाऱ्या पेशी नव्हेत,
ज्या इतरांना गप्प बसा म्हणतात
त्यांचाच आवाज बसलाय.
वर्ग तोच, बाईंचा घसा गेलेला.

जन्मली तेव्हा हे दार नीट कामाला लागलंच नव्हतं.
पोटात असतानाचं दुसरंच एक
धकवून नेत होतं.
त्या सहा महिन्यांच्या फोटोंत ती हसते आहे,
कोणीतरी विणून दिलेल्या टोपीत.
मग बदली झाली. मग साधा ताप आला.

अकोल्याहून सासूबाई: कोणाच्या घराण्यात होतं हे?
कोणाच्याच नाही. दोघांचं रक्त तपासून झालं.
ही चूक तिची स्वतःची, नवी कोरी.
मग त्या म्हणाल्या, मीठमोहऱ्यांनी दृष्ट तरी काढ.
काढली. तव्यावर तडतडली, धूर झाला,
स्मोक अलार्म बोंबलला,
आणि खालचे मिस्टर डॉकर्टी
ओला टॉवेल घेऊन दारात उभे.
काय सांगणार त्यांना?
जेवण करपलं म्हणाले.

तीन वीस.
अंगठा मुठीतून सुटतो.
मग एकेक बोट, घाई नसल्यासारखं.

आज पाच गाठलं नाही.
औषधाची सिरिंज झाकणासकट खणात परत.
वहीत तारीख, वेळ, डावा हात.
सकाळी रस्त्यावरचं मीठ
तिच्या बाबाच्या बुटांना चिकटून घरात येईल,
पांढरे डाग वाळतील लादीवर.

शाल्मली डोळे उघडते,
माझ्याकडे नाही, छताकडे बघते,
जिथे मघाशी दिवा होता,
आणि अख्खी जांभई देते.