पाच आणि बारा

बार्न्सलीच्या मेथडिस्ट हॉलमध्ये महिन्यातून एकदा
मोडक्या वस्तूंचा दवाखाना भरतो.
टोस्टर, इस्त्र्या, एक न रडणारी बाहुली.
माझ्या टेबलाशी क्लिफर्ड बूथरॉइड,
वय ब्याऐंशी, गुडघे खाणीत झिजलेले,
आणि बाळाच्या ढकलगाडीत, पांघरुणाखाली,
बीबीसी मायक्रो.

वेगळ्या पिशवीत फ्लॉपी ड्राइव्ह,
बिस्किटाच्या रंगाचा, विटेसारखा जड.
मागून दोन शेपट्या:
एक चपटी, चौतीस तारांची, कडेला लाल रेघ,
दुसरी विजेची. ती अर्धीच.
"कुत्र्याने खाल्ली," क्लिफर्ड म्हणाला. "एकोणनव्वद साली."
"भिंतीत लावायची नाही हं ही.
हा आईच्या पोटाखालून पितो."

खरंच. मशीन पालथं घातलं
तर पोटाशी सहा छिद्रांचं तोंड.
मी नवी शेपटी डाखली:
काळ्या दोन, जमिनीच्या,
लाल पाच व्होल्टची, पिवळी बाराची.
पाचाच्या घरात बारा शिरले
की ड्राइव्हचे बारा वाजतात,
हे मी एकदा नॉटिंगहॅमला धूर काढून शिकले.
तेव्हापासून ताकही फुंकून:
आधी मीटरच्या सुया, प्लग मागून.
चार पूर्णांक नव्याण्णव.
बारा पूर्णांक शून्य सहा.
क्लिफर्डने टोपी काढली, का कोण जाणे.

बटण.
ड्राइव्हचा दिवा लागला
आणि लागूनच राहिला, ढिम्म.
पालथ्या मशीनवर काम करताना
माझं डावं-उजवं फिरलं होतं.
चपटी पट्टी उलटी.
कुणी पाहिलं नाही असं वाटलं,
बाहुलीवाली बाई पाहत होती.

पुन्हा बटण. आता
खर्रर्र, टक् टक् टक् टक्,
डोकं मागे मागे सरकत शून्याच्या कडेला टेकलं.
कुठून मोजायचं ते कळल्याशिवाय
त्याला पुढे जाता येत नाही.
"हा आवाज," क्लिफर्ड म्हणाला, आणि पुढे काहीच म्हणाला नाही.

पडद्यावर कबुतरं उतरली.
फ्रान्समधून सकाळी साडेसहाला सोडलेली एकतीस,
पायातल्या कड्यांचे आकडे, परतीची वेळ,
शर्यत क्लबची, कॉम्प्युटर एनिडचा,
टायपिंग तिचं, चुकाही तिच्याच.
चव्वेचाळीस सतरापुढे रकाना कोरा.
निळी मादी.

"ती आली होती," क्लिफर्ड म्हणाला.
"अकरा महिन्यांनी. भिंतीवरून चालत,
जणू कोपऱ्यावरून दूध घेऊन आली.
चार वाजून दहा मिनिटं, एनिडने घड्याळ पाहिलं,
आत धावली, तर
कुत्र्याने तोवर वायर खाल्लेली."

डिस्कच्या कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी होती,
आतलं कुणी खोडू नये म्हणून.
ती त्याने नखाने उचकटली,
हरवू नये म्हणून अंगठ्यावर चिकटवली
आणि एका बोटाने, टिपल्यासारखे,
चार आकडे दाबले.
एक. सहा. एक. शून्य.

रकान्यात तास होता, मिनिट होतं,
वर्षाला जागाच नव्हती.
यंत्राने अंतर घेतलं, वेळ घेतली, भागाकार केला,
लाल दिवा दोनदा लुकलुकला,
यादी हलली,
आणि निळी मादी, अकरा महिने उशिरा,
दुसरी आली.

मी हसू आवरत होते.
क्लिफर्ड चष्मा पुसून पडद्याजवळ वाकला.
"पहिलं पिकर्सगिलचं," तो म्हणाला.
"त्याचं घड्याळ कधीच खरं नव्हतं."

मग अंगठ्यावरची पट्टी
पुन्हा खाचेवर दाबून बसवली,
चांगली दोनदा.