मापवही

पान सतरा. सिप्पोरा चेऊलकर, इस्रायल मोहल्ला.
वय बापाने सांगितलं चौदा, तिने बारा.
खांदा साडेतेरा, छाती सत्तावीस, दंड आठ.
शेऱ्याच्या रकान्यात माझंच गिचमिड अक्षर:
"काखेत मोठा चौबगळा. हात फार मागे जातो."

किती मागे, मी विचारलं होतं.
तिने दुकानाच्या उंबऱ्यातच कमान टाकली
आणि उलट्या तोंडाने माझ्याकडे बघत म्हणाली,
"इतका."
काजं करणारा पोऱ्या सुई कुठे खोचली ते विसरला.
संध्याकाळी ती माझ्याच मांडीला लागली.

पहिला पोशाख मी तीनदा उसवला.
मॅनेजर म्हणे गुडघ्यावर, तिची आई म्हणे घोट्यापर्यंत,
झुला काहीच म्हणेना,
पण ऐकावं लागलं त्याचंच.
निळी विजार, कमरेला वीतभर घोळ.
घोळ फक्त आईसाठी.

बोरीबंदरासमोरच्या मैदानात दर थंडीत तंबू पडे.
शुक्रवारचा दिवस कलला की ही बार सोडी
ते शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत
लाकडाला बोट लावत नसे.
आजोबा चेऊलकडे घाणा चालवत,
शनिवारी बैल मोकळा सोडत;
हिने झुला सोडला.
मॅनेजरने कपाळ बडवून घेतलं, शनिवारचा गल्ला!
मग हँडबिलावरच छापून टाकलं:
मिस सिप्पोरा, तीन चांदण्यांनंतर.
लोकांना वाटलं, काय झकास जाहिरात.
तिकिटं हातात धरून गर्दी माना वर करून उभी,
आणि कुणीतरी ओरडायचा, दोन झाल्या!

पान एकतीस. खांदा साडेपंधरा, दंड अकरा.
माझा स्वतःचा दहा.

नऊ सालची सिंगल बारची स्पर्धा.
पलटणीतले दोन गोरे, एक पारशी सॉलिसिटर, आणि ही.
मी मागच्या बाकावर, खिशात सुईदोरा,
कारण डाव्या बगलेतली टीप मला पटलेली नव्हती.
ती बारवरून फिरली, फिरली, पुन्हा फिरली,
सगळे तिचे पाय बघत होते,
मी टीप.
टिकली.
अर्जात नुसतं "एस. चेऊलकर" होतं,
कोरणाऱ्याने सवयीने पदकावर "मिस्टर" कोरलं.
म्हटलं, बाई, बदलून घ्या.
म्हणाली, परत दिलं तर दुसरं देतील कशावरून?

अशी अकरा पदकं. छातीवर टाचली की
पोशाख पुढून लोंबायचा,
म्हणून आतून मांजरपाटाचं दुहेरी अस्तर.
टाळ्या वाजवणाऱ्यांना चकाकी दिसली असेल.
मला वजन माहीत आहे:
सदतीस तोळे, त्यात सोनं जेमतेम दीड.

पान अठ्ठेचाळीस.
उजवा दंड अकरा. डावा नऊ.
ती पडली हे मला कुणी सांगितलं नाही,
टेपने सांगितलं.
मी टेप पुन्हा लावला, ती भिंतीकडे बघत राहिली.
डाव्या बाहीत मी आतून थोडा कापूस भरला.
तिने चाचपून पाहिला, बोलली नाही.
त्या बाहीत ती आणखी चार हिवाळे खेळली.

त्यापुढे पानंच्या पानं दुसऱ्यांची.
वकील, नवरदेव, एका बँडवाल्याचे सोळा कोट.

मग एकदा दुपारी दारात ती,
कानाशी पांढरी, चपलांवर मैदानाची धूळ.
उमरखाडीच्या मुलींना कवायत शिकवते म्हणे.
साधं पोलकं हवं, बाह्या सैल,
"आणि खिसा."
इतकी वर्षं तिला शिवलं, खिसा कधी दिला नाही,
खिसा दोराला अडकतो.
केवढा हवा?
तिने गल्ल्यावर मूठ ठेवली,
घट्ट्यांची, बोटांच्या पेरांवर जुना खडू मुरलेला.
"एवढा."

मी मुठीभोवती टेप फिरवला.
वहीत त्या मापाला रकाना नाही,
म्हणून शेऱ्यात लिहून ठेवलं.
शिलाई आठ आणे.
बाकी.