एक आठवडा, चौथा नंबर

धोबीतलावला दारबशेटच्या दुकानात
शनिवारी फळा लिहायचं काम माझं :
सर्वांत खपलेली वीस गाणी, ओल्या फडक्यानं पुसून
पुन्हा नव्यानं उतरंड.

बॅसिल मिस्किटाची तबकडी एकोणिसावी लागली.
मरोळचा माणूस, गोदीत क्रेन चालवायचा
आणि गायचा माळरानाबद्दल, घोड्याबद्दल,
दूरच्या कुंपणाशी कंदील घेऊन उभ्या असलेल्या कुणाबद्दल.
घोडा त्यानं पाहिलेला चौपाटीवरचा.
तोही लंगडा.

पुढच्या शनिवारी सतरा.
मग एकदम चार.
शेट चष्मा पुसत म्हणाला,
'दिकरा, बेरीज बरोबर केली नी?'

केली होती. बिलं माझ्याच हातची :
धर्मा भोईर, उस्मान, टॅलीक्लार्क तुळपुळे,
बारा नंबर धक्क्याची अख्खी पाळी
पगाराच्या संध्याकाळी आली होती,
हात पँटला पुसून मगच कव्हर धरत.
'सुई कुठली वापरता?' मी विचारलं.
भोईर हसला. 'वाजवायला हाय कुठं काय?
भिंतीवर लावनार. फोटू झ्याक आलाय त्याचा.'

चौथ्या शनिवारी गाणं फळ्यावर नव्हतं.
पगार महिन्यातून एकदाच होतो.

बॅसिल आला. बोट न टेकवता
विसापर्यंत खाली गेला, परत वर.
मी म्हटलं, खडू संपला होता.
'हो,' तो म्हणाला, 'संपतो.'

मग सुयांची एक डबी घेतली
आणि विचारलं, जुना ग्रामोफोन कितीला पडेल,
एका हातानं शिडी चढून
क्रेनवर नेता येईल एवढा.