राखाडी कडं

केमचीच्या धक्क्याला ओहोटी लागली
की होड्या कुशीवर कलंडतात चिखलात
आणि एलेओदोरोमामाच्या शेडमध्ये
बाकावर येतं कुणाच्यातरी इंजिनाचं हेड.

या खेपेला आमच्या.

डबी दोन तोंडांची. इकडे खरखरीत, तिकडे बारीक.
"मसुराएवढं घे," मामा म्हणतो,
"पावाला लोणी नाही फासायचं."
झडपेच्या कडेला मी तीन ठिपके देते,
काठीची रबरी वाटी चिकटवते तिच्या माथ्याला
आणि तळहातांत धरून घुसळते रवीसारखी.
पुढे, मागे. पुढे, मागे.
उचल, पाव फेरा वळव, ठेव.

आधी दाताखाली खडा आल्यासारखा आवाज.
मग वाळूवरून ओलं जाळं ओढल्यासारखा.
मग नुसता
हुश्श.
तो ऐकायला मामा रेडिओ बंद करतो.

पुसते. पोलादावर राखाडी कडं उमटलंय,
एका जागी तुटलेलं, नखाएवढं.
इथूनच गळायचा 'गाविओता'चा श्वास,
इथूनच ती भर खाडीत टाकायची दम
आणि बाबा वल्हं मारता मारता शिव्या घालायचे
हे इंजिन विकणाऱ्या मेहुण्याला.

अकरा वर्षं दोघं तेच उगाळताहेत,
हा या घरी, तो त्या घरी.
असं लांबलांबून उगाळून
काय बसणार कशात?

पुन्हा तीन ठिपके. आता बारीक बाजूचे.
माझे तळवे जळजळतात, मामा नखं बघतो स्वतःची.
कडं जुळतं तेव्हा खिळ्याने खूण करतो:
"ही झडप याच बैठकीची. दुसरीकडे चालायची नाही आता."

"आता धू."
रॉकेलने धुते. पुन्हा धुते.
"अजून."
बोट फिरवून दाखवते, स्वच्छ.
"अजून एकदा, एर्मेलिंदा. एक कण आत राहिला
तर तो घासतच बसेल.
त्याला कुठे कळतं काम संपलंय ते."

हेड उलटं करून खळग्यात रॉकेल ओतलं
आणि आम्ही खाली वाकून वाट बघत राहिलो थेंबाची.

दारात बाबा. किती वेळचे, कोण जाणे.
हातात बटाट्यांची पिशवी, टोपीवरून पाणी निथळतंय.
हेडखाली मात्र कोरडं.

"भरती सहाला आहे," बाबा म्हणाले,
कुणाकडेच न बघता.

मामाने काठीची रबरी वाटी फडक्याने पुसली,
उगाच, स्वच्छच होती ती.
"पावणेसहाला," तो म्हणाला.
"तुझं पंचांग कायम चुकतं."