नोव्हेंबरात हिरवं

विनोनाच्या टेकडीवर खूण सोपी आहे:
मेपल नागवे, ओक तांबूस, बर्च हाडासारखे,
आणि तरीही जे झुडूप ढिम्म हिरवं उभं असतं
ते उपटायचं.

बकथॉर्न. कुणा हौशी माणसाने कुंपणासाठी आणलं,
पाखरांनी काळी फळं खाल्ली, त्यांना ढाळ लागले,
आणि मिनेसोटाभर पेरणी झाली.

शनिवारी आम्ही सातजण. हातमोजे, करवती,
कापल्या बुंध्याला निळं औषध फासायचा ब्रश.
ब्रश माझ्याकडे, कारण माझे गुडघे
आता सगळ्या गावाला ठाऊक.
फांदीच्या टोकाला एकच काटा,
बोलणं संपताना मारलेला टोमणा तसा.

ऑर्व्हिल ट्वाइट कापलेलं जाळू देत नाही.
मनगटाएवढी, क्वचित मांडीएवढी खोडं
ट्रकमध्ये टाकून नेतो, टोकांना मेण लावतो,
आणि दोन उन्हाळे विसरून जातो.
"घाई केली की तडकतं," म्हणतो.
पहिल्या लग्नाबद्दलही तो हेच म्हणतो.

काल त्याने एक ओंडका उभा चिरला.
अगं बाई, म्हटलं मी, मराठीतच.
आत केशरी.
मुरांब्याच्या बरणीला खिडकीतलं ऊन लागावं
तसं.

पट्टीला पट्टी चिकटवून तो
खुर्च्यांच्या पाठी करतो, स्टुलं करतो,
चर्चच्या लिलावात विकतो.
तुला काय करू? त्याने विचारलं.
पाट, म्हटलं मी, आणि अडकले.
म्हणजे, पाय नसलेलं स्टूल.
"मग बसायचं कुठे?"
जमिनीवर.
"मग स्टूल कशाला?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
हात हलवत काहीबाही बोलले,
की ओल, की पाहुण्याचा मान,
की ओवाळताना, की लग्नात वर उभं राहताना,
की आतून कुणी हाक मारतं, पाट मांडा गं.

ऑर्व्हिलने कानावरची पेन्सिल काढली,
एक आडवी रेघ, खाली दोन चौकोन.
"उचलायला बोटं जातील एवढी उंची."
हे मी सांगितलंच नव्हतं.

मार्चपर्यंत होईल म्हणतो.
माझे गुडघे काही त्यावर टेकणार नाहीत,
मांजर बसेल.

आज पहिलं बर्फ. तरी गेलो.
ओढ्यापाशी दोन झुडपं, पांढऱ्यात ढिम्म हिरवी.
एकाला निळं फासलं.
दुसरं मला दिसलंच नाही,
पुढच्या शनिवारपर्यंत.