सहावी विभक्ती

यादविगा शाळेच्या पुस्तकातल्या पानांचे फोटो पाठवते,
कडेला तिचं बोट येतं, नखावर पीठ.
मी गॅसच्या पावत्यांमागे उतरवून घेते.
सहा विभक्त्या. ही शेवटची. मेस्नी, म्हणजे जागेची.
बाकीच्या पाच जणी एकट्या बाजारात जाऊन येतात,
हिला सोबत लागते,
पुढे 'उ' तरी, 'ना' तरी, नाहीतर 'अब'.
मी म्हटलं, असतात अशा बायका.
मोबाइलनं तिला काय सांगितलं कोण जाणे,
ती उशिरा हसली.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये पासपोर्टची पानं तपासली.
कोऱ्या पानावर कुठला शिक्का बसेल
याचा विचार करायला कुणाची मनाई नव्हती.
माझा स्वतःचा निघाला दोन हिवाळ्यांपूर्वी, घाईत,
तरी चार दिवस उशिरा.

राका म्हणजे नदी.
नदीवर म्हणायचं तर ना राचे.
च चोरातला, चिमणीतला नव्हे,
पहिल्याच झटक्यात जमला,
तिकडे टाळी वाजली.
रुका म्हणजे हात, हातात म्हणजे उ रुचे,
आणि मला ते रुचलं.
पुस्तक म्हणतं, इथे क जातो आणि च येतो.
मी म्हणते, शब्द पाण्यात उतरला
की घोट्यापाशी भिजणारच.
आपण नाही का गोदेचा पूर
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजत?
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला.
मारुती तोच,
विचारायचं ते ओल कुठवर आली एवढंच.

मग ती म्हणाली, तुझं गाव घे.
या झिवू व नाशिकू.
मुळात तो उ,
पण आधी स्वर आला म्हणून अंग चोरून व झाला,
जिन्यात समोरून कुणी आलं
की आपण भिंतीला लागतो तसा.
मी तिला सांगितलं, आमचंही तेच,
पाटीवर नाशिक, पण राहतो आम्ही नाशकात.
राहायला लागलं की गावातला एक इकार गळतो,
माझा बहुधा बिटको चौकात पडला असेल,
एवढ्या वर्षांत कुणी आणून दिला नाही.

'अब' मात्र पटेना.
अब म्हणजे च्याविषयी, आणि हाही इथेच, याच रांगेत.
टेबलावर, नदीवर, गावात, ठीक आहे,
पाय ठेवता येतो.
पण कुणाविषयी बोलणं ही कुठली जागा?
दोन दिवस पावती फ्रिजवर चिकटवून ठेवली.
तिसऱ्या सकाळी, दूध उतू गेलं तेव्हा,
ओटा पुसता पुसता
घरी, दारी, शेजारी, माहेरी,
विषयी.
शेवटची ई तीच की.
साठ वर्षं हा शब्द तोंडात,
आत कुणी राहतं का, कधी डोकावलं नाही.

आमचा दुभाष्या निनाद होता.
इकडचं तिकडे करायचा, मधलं थोडं गाळायचा,
सासू-सुना दोघींना वाटायचं
दुसरी किती गोड बोलते.

रविवारी मी मोबाइलचं भाषांतर बंद केलं.
जेलरोडला भाजीवाल्याचा भोंगा चालू होता,
तो लांब जाईस्तोवर थांबले.
मग म्हटलं, अब निनाजे.
द मऊ करून, सांगितला होता तसा.

यादविगानं दुरुस्त केलं नाही.
खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
तिच्या खिडकीत चारलाच अंधार,
आणि ती बोलायला लागली, भराभर,
मला दहातला एक शब्द कळत होता,
पण शब्दांची टोकं सगळी ऐकू येत होती,
ए, ए, उ, ए,
कुठे कुठे ठेवत होती ती त्याला,
जिन्यावर, बर्फात, कसल्याशा बसमध्ये,
एकदा नक्की उ रुचे,
कुणाच्या हातात ते निसटलं.

पावती उलटी केली, सुलटी केली.
लिहायला जागा नव्हती.